राणीच्या बागेत झाडंही आहेत

राणीच्या बागेत झाडं आहेत, ही बातमी बहुतेक मुंबईकरांना २००७ च्या सुमारास कळली. महापालिकेनं तेव्हा बागेचा कायापालट करायचं मनावर घेतलं होतं. चारशे कोटींच्या वरचा आराखडा, परदेशी सल्लागार, आंतरराष्ट्रीय दर्जा. या तीन गोष्टी एका वाक्यात आल्या की मुंबईकर आधी खिसा चाचपतो आणि मग गप्प बसतो. पण काही नागरिक गप्प बसले नाहीत. त्यांत बायका पुढे होत्या. त्यांनी झाडांच्या याद्या केल्या, वारसा समितीपर्यंत धडक मारली आणि सांगितलं की साहेब, हे मुळात बोटॅनिकल गार्डन आहे, जनावरं मागाहून आली. तो आराखडा जसाच्या तसा काही पुढे सरकला नाही. पण धक्का बसायचा तो आम्हाला बसलाच. तोवर आमची प्रामाणिक समजूत अशी होती की, एका पिंजऱ्यापासून दुसऱ्या पिंजऱ्यापर्यंत चालताना ऊन लागू नये म्हणून पालिकेनं मध्ये मध्ये काहीतरी हिरवं लावलेलं आहे.

ते 'काहीतरी हिरवं' म्हणजे तीन हजारांच्या वर झाडं निघाली. पावणेतीनशेच्या वर जाती. भायखळ्याला! जिथे फुटपाथवर पाय ठेवायला जागा मिळाली तर माणूस घरी फोन करून सांगतो, तिथे पन्नासेक एकरांत आफ्रिका, ब्रह्मदेश, मादागास्कर आणि दक्षिण अमेरिका दीडशे वर्षं गुण्यागोविंदानं उभे आहेत आणि आम्ही त्यांच्या बुंध्याला टेकून विचारत होतो, "अहो, माकडं कुठल्या बाजूला?"

खरं तर या बागेचा जन्मच झाडांसाठी. आधी शिवडीला बाग होती, एका कृषी-उद्यान संस्थेची. ती जागा पुढे गोऱ्या साहेबांच्या दफनभूमीसाठी गेली. मुंबईत जागेचा प्रश्न तेव्हाही इतका बिकट होता की मेलेल्यांना जागा देण्यासाठी जिवंत झाडांना उठावं लागलं. भायखळ्याच्या नव्या बागेचं उद्घाटन १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर साहेबांच्या पत्नी लेडी फ्रियर यांनी केलं, नाव पडलं व्हिक्टोरिया गार्डन्स. पुढे १८७३ मध्ये संस्था आटोपली आणि बाग पालिकेकडे आली. आज तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. थोडक्यात, राणीच्या नावानं निघाली, लेडीनं उघडली, वीरमातेच्या नावानं चालू राहिली आणि वेळ आली तेव्हा बायकांनीच वाचवली. पुरुषांचा या बागेशी संबंध मुख्यतः पिशव्या धरण्यापुरता आणि तिकिटाच्या रांगेत उभं राहण्यापुरता आहे. तो त्यांनी निष्ठेनं पाळलेला आहे.

१८९० साली बागेला आणखी पंधरा एकर जोडले गेले आणि तिथे प्राण्यांची सोय झाली. इथेच घात झाला. पागडीच्या घरात कोपऱ्यातली एक खोली पोटभाडेकरूला द्यावी आणि दोन पिढ्यांनी दारावर त्याचीच पाटी दिसावी, तसं झालं. आज भायखळा स्टेशनाबाहेर उभे राहून कुणालाही विचारा, राणीच्या बागेत काय आहे? वाघ. पाणघोडा. पेंग्विन. मुलांच्या पाठ्यपुस्तकात, बालगीतांत, गिरणगावातल्या तीन पिढ्यांच्या आठवणींत, सगळीकडे जनावरंच. विंदा करंदीकरांनी मुलांसाठी 'राणीची बाग' नावाचं पुस्तक लिहिलं, तेही या कीर्तीच्या जोरावर. 'राणीच्या बागेतलं नागकेसर' या विषयावर निबंध लिहा म्हणून सांगितलं तर मुलं पालकांना शाळेत घेऊन येतील.

निबंधाचं निघालंच म्हणून सांगतो. मधली काही वर्षं अशी गेली की बागेत ना वाघ होता ना सिंह. २०२० साली औरंगाबादच्या प्राणिसंग्रहालयातून वाघाची जोडी आली तेव्हा कुठे आब राहिला. पण त्या वाघ-सिंहाविनाच्या काळातही शाळांच्या सहली येत होत्या. एकमेकांचे शर्ट धरून रांगेनं चालणारी मुलं, पुढे एक बाई, मागे एक बाई, मधल्या मुलाला शू लागलेली. दुसऱ्या दिवशी निबंध, 'राणीच्या बागेतील माझा दिवस'. आणि वर्गातली झाडून सगळी मुलं लिहायची की, 'सिंहाने मोठी डरकाळी फोडली व आम्ही घाबरलो.' बाईंनीही त्यावर बरोबरची खूण केलेली असायची. ज्या पर्जन्यवृक्षाखाली बसून त्या पन्नास मुलांनी बटाट्याची भाजी नि पुरी खाल्ली, त्याचा उल्लेख एकाही वहीत नसायचा. भाजीचा असायचा.

मग पेंग्विन आले. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ आले. त्यातला एक काही महिन्यांतच दगावला. लोकांना ते २०१७ मध्ये बघायला मिळाले आणि त्याच वर्षी बागेचं पाच रुपयांचं तिकीट पन्नास झालं. लहान मुलांना पंचवीस. आई, वडील आणि दोन मुलं असं कुटुंब असेल तर चौघांचे मिळून शंभर. कुटुंबनियोजनाचा इतका सभ्य प्रचार सरकारच्या आरोग्य खात्यालाही कधी जमला नाही. तिसऱ्या मुलाचे पंचवीस रुपये वेगळे मोजताना बाप ज्या नजरेनं त्याच्याकडे बघतो, ती नजर एकदा पाहण्यासारखी आहे. आणि चौकोनी कुटुंबाबरोबर आलेला काका तर थेट पन्नासचा बोजा. तो आयुष्यभर लक्षात ठेवला जातो.

हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन. त्यांचं घर पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर. तिथे समुद्राचं पाणी थंड, पण जमीन कोरडी ठणठणीत, बर्फ औषधालाही नाही. हे आमच्या लोकांना पटत नाही. सिनेमात पेंग्विन बर्फावर घसरतो, तर इथेही घसरला पाहिजे, पन्नास रुपये दिलेत. काचेपलीकडे तापमान सोळा-अठरा अंशांवर ठेवलेलं असतं. मे महिन्यात त्या इमारतीत शिरलेल्या माणसाला बाहेर काढणं हे बागेतल्या कर्मचाऱ्यांचं सर्वांत अवघड काम आहे. "पुढे चला, पुढे चला," असं तो सुरक्षारक्षक एवढ्या वेळा म्हणतो की पेंग्विनही पुढे सरकतात. सरकत नाही तो फक्त माणूस. "जरा थांबा हो, पोरगं बघतंय." पोरगं केव्हाच बघून झोपलेलं असतं. वारा बाप खात असतो.

शेवटी बाहेर ढकललं गेल्यावर ते सगळं कुटुंब पहिली दाट सावली गाठतं, रुमालानं मान पुसतं आणि म्हणतं, "हां, आता बरं वाटलं." वर बघत नाही. विजेचं बिल न येणारी ही वातानुकूलन व्यवस्था १८६२ पासून चालू आहे, हे त्या कुटुंबाला कळण्याची काही सोय पालिकेनं केलेली नाही, कारण झाडाला शेपटी नसते. शेपटी नसलेल्या गोष्टीसमोर मुंबईकर थांबत नाही.

बुधवारी बाग बंद असते. जनावरांना आठवड्यातून एकदा माणसांपासून सुट्टी हवी, हे तत्त्व मला फार पटतं. काही कार्यालयांतही ते लागू करावं. सुट्टीचं ठाऊक नसलेली दोन-तीन कुटुंबं दर बुधवारी विरारहून, कल्याणहून डबे घेऊन फाटकाशी उभी असतात आणि वडील आईला म्हणत असतात, "तुला विचारायला काय झालं होतं?"

जनावरांत जनावर म्हणजे वटवाघूळ. त्याला इथे पिंजरा नाही, पाटी नाही, दत्तक योजना नाही. मोठी मोठी वटवाघळं दिवसभर झाडांना उलटी लटकून झोपलेली असतात. खालून जाणारी माणसं वर बघून विचारतात, "ही कुठली हो फळं?" मी एका आजोबांना उत्तर देताना ऐकलंय, "मोहाची." नातू समाधानानं पुढे गेला. रात्री सगळी फाटकं बंद झाली की या फळांना पंख फुटतात आणि मग बागेतली खरी पाळी सुरू होते. गोरखचिंच रात्री फुलते, किगेलियाची फुलंही रात्रीच उमलतात आणि दोघांचं लग्न लावण्याचं काम वटवाघळाकडे असतं. दिवसा येणाऱ्या हजारो पाहुण्यांपैकी एकालाही हा सोहळा दिसत नाही. बरंच आहे. दिसला असता तर त्याचंही तिकीट लागलं असतं.

झाडांचे या बागेतले खरे अभ्यासक म्हणून मी जोडप्यांचं नाव घेईन. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. वनस्पतिशास्त्राचा पदवीधर पुस्तकात बघून सांगेल की अमुक झाड पानझडी, तमुक सदाहरित. जोडप्याला ते सांगावं लागत नाही. फेब्रुवारीत काटेसावरीखाली बसू नये, पानं गळून फांद्या उघड्या पडलेल्या असतात आणि समोरून कुणी मावशी येते, हे ज्ञान त्यांनी अनुभवानं मिळवलेलं आहे. बकुळ बारमाही दाट. पर्जन्यवृक्षाची सावली मोठी, पण आडोसा कमी. संध्याकाळी तो पानं मिटायला लागला की रखवालदाराची शिट्टी फार लांब नाही. यांच्यापैकी जे बुंध्यावर नावं कोरतात त्यांच्याबद्दल मात्र मला यत्किंचित सहानुभूती नाही. बदामाच्या झाडावर बदाम कोरणाऱ्या माणसाशी कुणा मुलीनं लग्न करू नये. पुढे तो घराच्या भिंतींचंही तेच करील.

सकाळी सकाळी फेऱ्या मारायला येणाऱ्यांचा समाज वेगळा. यांना प्राणीही बघायचे नसतात आणि झाडंही. यांना फक्त एकमेकांना बघायचं असतं, कुणाचं पोट कमी झालं यावर पाळत ठेवण्यासाठी. आसपासच्या चाळींतले, नव्या टॉवरांतले, मोहम्मद अली रोडकडून येणारे, लालबागहून येणारे, पारशी वसाहतींतले, असे सगळे पांढऱ्या बुटांच्या एकाच धर्मात येतात. पुनर्विकास, गुडघा, सून आणि शेअर बाजार ही चार प्रकरणं रोज चर्चेला. झाडं त्यांना खुणेपुरती माहीत: "जाड्यापाशी वळायचं," म्हणजे गोरखचिंचेपाशी. पण बागेवर आराखड्याचं संकट आलं, तेव्हा या 'जाड्या'वर आपला हक्क आहे हे लोकांच्या अचानक लक्षात आलं. नाव ठाऊक नसलेल्या गोष्टीवरही माणसाचा जीव असतो. आमच्या चाळीतल्या अर्ध्या शेजाऱ्यांची पूर्ण नावं मला त्यांच्या मुलांच्या लग्नपत्रिकांवरून कळली.

बागेचा आणखी एक उपयोग क्वचितच कुणी सांगतो. शहराला जे ठेवायचं कुठे कळत नाही, ते राणीच्या बागेत आणून ठेवायचं. काळा घोडा म्हणून आख्खा विभाग प्रसिद्ध, पण मूळ घोडा आणि त्यावरचा राजा सातवा एडवर्ड १९६५ पासून इथे येऊन राहिलेले. घारापुरीचा दगडी हत्ती विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना यारी मोडली, हत्तीचे तुकडे झाले. ते जोडून तो इथे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा केला. या हत्तीला चारा लागत नाही, माहूत लागत नाही आणि तो कधी झोपलेला सापडत नाही, त्यामुळे लहान मुलांची सर्वांत कमी निराशा तोच करतो. फेब्रुवारीच्या आसपास फुलांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा तर फुलांचेच प्राणी, फुलांचीच वाहनं केलेली असतात आणि गर्दी आवरत नाही. झाडांनी यातून काही बोध घ्यावा. नुसतं फुलून भागत नाही, फुलून जिराफ व्हावं लागतं.

अलीकडे झाडं दाखवायला घेऊन जाणारे काही जाणकार बागेत फिरू लागले आहेत. टोपी, दुर्बीण, पाठीवर पिशवी आणि मागे वीस-पंचवीस माणसं. अशा एका फेरीत मी गावाहून आलेल्या माझ्या मामांना घेऊन गेलो. मामा देवगडचे. फाटकावरच अडले.

"झाडां बघूक पन्नास रुपये? माका पन्नास दी, तुका अख्खो डोंगर दाखयतंय."

"मामा, ही परदेशी झाडं आहेत."

परदेशी म्हटल्यावर मामांनी चप्पल सावरली आणि आत आले. मार्गदर्शक तरुण मुलगी होती, फार छान सांगत होती. ही गोरखचिंच, मूळची आफ्रिकेची. हा पर्जन्यवृक्ष, अमेरिकेतला. ही उर्वशी, ब्रह्मदेशातली. हिच्या शास्त्रीय नावात लेडी अ‍ॅम्हर्स्टचं नाव आहे, हिवाळा सरता सरता फुलते, आणि बी फार क्वचित धरते. "अप्सराच ती," मागून कुणीतरी म्हणालं. हा कॉलव्हिलिया, मादागास्करचा. मामा हिशेब करत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "म्हणजे मुंबैत झाडांपण सगळी भायली?" सगळी टोळी हसली. त्यांतले निम्मे सातारचे, पाव गुजरातचे, उरलेले मंगळूरचे. एकट्या मुलीकडे जन्माचा भायखळ्याचा दाखला निघाला असता.

कैलासपतीपाशी मामांनी चप्पल काढली. त्याची फुलं थेट बुंध्यातून येतात आणि फुलात पिंड नि वर नागाचा फणा दिसतो, म्हणून लोक हात जोडतात. तोही दक्षिण अमेरिकेतला, असं मुलीनं हळूच सांगितलं. मामा डोळे मिटलेल्या अवस्थेतच म्हणाले, "देवाक पासपोर्ट लागणा नाय." फळं मात्र नारळाएवढी, कवच कठीण आणि पडून फुटली की असा दर्प सुटतो की भक्तीचा कस लागतो. मामांनी डोळे उघडले, वर पाहिलं, आणि नमस्कार तसाच ठेवून चार पावलं मागे सरकले.

आमच्या लोकांना झाडाविषयी एकच प्रश्न पडतो. ते कुठून आलं, कधी फुलतं, कोण त्याच्यावर घरटं बांधतं, यात कुणाला रस नाही. "याचा काढा कशावर चालतो?" झालं. मुलीनं नागकेसर दाखवलं, एका गृहस्थांनी विचारलं, "शुगरवर?" सीतेचा अशोक दाखवला, "बीपीवर?" एका बाईंना गोरखचिंचेचं रोप हवं होतं, डोंबिवलीच्या ग्रिलमध्ये ठेवायला. मुलगी संयमानं म्हणाली, "औषधांचं मी सांगत नाही." हे ऐकून टोळीचा तिच्यावरचा विश्वासच उडाला. जे सांगत नाही ते शास्त्र कसलं?

आणि मग बकुळीखाली मामा म्हणाले, "हेच्या सालीचा चूर्ण दातांक."

पंचवीस माणसं एकदम वळली. पुढच्या तासाभरात त्या मुलीचा आवाज मला पुन्हा ऐकू आला नाही. मामा पुढे, टोळी मागे. ज्या झाडाला मामा ओळखत होते त्याच्यावर त्यांचं औषध तयार, ज्याला ओळखत नव्हते त्याच्याकडे बघून ते म्हणत, "हां भायला, हेचा काय खरा नाय." उंडीपाशी तर त्यांना गाव भेटल्यासारखं झालं. उंडीचं तेल, कोकणातल्या समस्त म्हाताऱ्यांच्या सांध्यांचा आधार. बघता बघता माणसं वाकून खाली पडलेली फळं वेचू लागली. काहींच्या टोप्या भरल्या, काहींच्या ओढण्या. मार्गदर्शक मुलगीही, मी पाहिलं, चार उचलून पिशवीत टाकत होती. घरी आई असणार.

फाटकाशी रखवालदारानं मामांची पिशवी अडवली. बाहेर मोठ्या अक्षरांत पाटी आहे, पानं-फुलं तोडू नयेत.

"पडलेला आसा, पाडलेला नाय," मामा म्हणाले.

रखवालदारानं पिशवीत डोकावलं. मामांकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या पंचवीस फुगलेल्या खिशांकडे पाहिलं. आणि आवाज खाली आणून विचारलं, "गुडघ्याला रोज चोळायचं, की एक दिवसाआड?"